नव्या बाथरूमचं दार

संघदीप,

नळाले पाणी नाही म्हून मिस्त्रीले फोन करू नको. टाकीखालचा कॉक मीच बंद केला, अन् त्याची चकरी काढून संगं नेली. मी तुझ्या बहिणीकडे, शीलाकडे वणीले चालली.

नवं बाथरूम मायच्या गुडघ्यांसाठी बांधून राह्यलो, असं तू साऱ्या गल्लीले सांगतलं. मिस्त्रीनं मले स्टुलावर बसवून कमोडची उंची धरली, माझा हात पुरते तिथंच धराचा दांडा ठोकला. मंग मी चार दिवस शीलाकडे काय गेली, तू माझ्या खोलीतून ठेवलेलं दार विटांनी बुजवलं अन् तुमच्या बेडरूममधून फोडलं. काल त्या दांड्यावर तुझ्या बायकोचा, उर्वशीचा गाऊन वाळत होता.

तिले विचारलं तं म्हणते, आमच्या खोलीतून येत जा. लग्न झालेल्या पोराच्या खोलीतून माय रोज सकाळी संडासले जाईन का?

विटा निघाल्या का फोन कर. चकरी घेऊन येईन.

तवरक अंगणातल्या जुन्या संडासात दोन बादल्या भरून ठेवल्या हायेत. तिथं उकिडवं बसा लागते. तुमचे दोघांचे गुडघे चांगले हायेत.

माय