संगणक बंद करायचा नाही

६ मे २००७

पंख्याच्या बटणाला हात लावला तरी आमची ही, महादेवी, ओरडते — "ते न्हवं ना ओ?" आजपासून घरात एकच कायदा. संगणक बंद करायचा नाही!

कारण लिहून ठेवतो. एकतीस वर्षांची माझी भाषणं त्यात आहेत, शांभवीनं कॉलेजात असताना टाइप केलेली. संगणक चालवणारी, कुठल्याही कंपनीची मालकी नसलेली प्रणाली तिनंच त्यात घातली होती. लेकीचं ते कर्तृत्व मी सभांतून मिरवलं. आता ती प्रणाली जुनी झाली आणि डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब झाला. चालू आहे तोवर चालू. एकदा बंद पडला की उठणार नाही. सीडीचा खणही उघडत नाही.

"बेंगळुरातनं पोरगी नवी घालणार हाय," महादेवी म्हणाली. "इंटरनेटवरनंच. हितं कुणी यायला नको."

यायला नको. बरोबर. येऊ नको असं मीच सांगितलं होतं.

७ मे

सकाळी सहा. काळा पडदा, आणि अक्षरं आपोआप उमटू लागली! चुकत होती, खोडली जात होती, पुन्हा उमटत होती. शांभवी अशीच घाईत टाइप करायची. खुर्ची ओढून दोन तास बसलो. दोन वर्षांनी मुलगी घरात होती.

महादेवीनं फोनवर ऐकलेलं समजावलं — जुनी प्रणाली चालूच ठेवायची, डिस्कच्या रिकाम्या भागात नवी उभी करायची, आणि सगळं जमलं की मशीन न थांबवता कारभार नवीकडे सोपवायचा. जन्मभर मी सांगत आलो, जुनं पाडल्याशिवाय नवं उभं राहत नाही! माझंच घर मला खोटं पाडतंय.

९ मे

साडेतीन तास लोडशेडिंग. इन्व्हर्टरनं मान टाकायच्या आत समोरच्या बाळासोच्या छापखान्यातून जनरेटरची वायर रस्त्यावरून ओढली.

"अवो वक्तं," बाळासो ओरडला, "कॉम्प्युटर हाय का पाळण्यातलं पोर? नजरेआड करायचं न्हाय, उपाशी ठेवायचं न्हाय!"

मंगळवार पेठ हसली. मीही हसलो. मग आत येऊन तोंड धुतलं.

१० मे

आजऱ्याला भाषण. विषय — जात. आठशे वर्षांपूर्वी कन्नड शरण-संतांच्या कल्याणात जातीबाहेर लागलेलं लग्न मी आजवर दीडशे व्यासपीठांवर पुन्हा लावलं असेल. आजही टाळ्या. एक म्हातारा रडला.

शांभवी कृष्णातला घरी घेऊन आली, तेव्हा मी त्याचं शिक्षण विचारलं नाही. जात विचारली. मग तिला म्हणालो, याच्याशी लग्न केलंस तर या उंबऱ्याच्या आत पाऊल नको. पाच मिनिटांचं भाषण. तिनं लग्न केलं, आणि पुन्हा पाऊल टाकलं नाही. माझं सर्वांत परिणामकारक. ते संगणकात नाही.

११ मे

अक्षरं आली. दीड तास.

१२ मे

आज पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं — "उद्या शेवटचं काम. बंद करू नका."

दोन वर्षांत मला उद्देशून आलेले पहिले शब्द! उत्तर लिहायला बोटं ठेवली. दहा हजारांपुढे बिनकागदाचा बोलणारा माणूस मी. "ये" एवढं जमलं नाही. बोटं उचलली, पुन्हा ठेवली. तोवर ती ओळ पडद्यावरून वर निघून गेली होती.

महादेवी दारात उभी. "फोन करा की! नंबर भिंतीवर लिवलाय. दोन वर्सं तुमच्या नाकाम्होरं हाय."

१३ मे

संगणकाचं बटण दाबलं. मीच.

काम संपलं असतं तर अक्षरं यायची थांबली असती. बंद पडला तर मात्र तिला यावंच लागेल. एकतीस वर्षं गेली तर गेली!

महादेवीला सांगितलं, लाईट गेली. पंखा डोक्यावर गरगरत होता. तिनं वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पीठ मळायला गेली.

१४ मे

महादेवी फोन करून आली. "उद्या सकाळच्या गाडीनं." एवढंच. डोळ्याला डोळा भिडवला नाही तिनं.

शांभवीच्या आवडीचा कापा फणस आणला. हाताला तेल लावून गरे मीच काढले, बिया वेगळ्या केल्या. काय बोलायचं ते मनात चार वेळा म्हणून पाहिलं. चारही वेळा भाषणच झालं. एकच वाक्य ठेवलं — चुकलं माझं.

१५ मे

कृष्णात आला. एकटा.

इतके दिवस पलीकडून तोच टाइप करत होता. महादेवीला माहीत होतं. शांभवीला यातलं काहीच माहीत नाही. "तिच्यासमोर तुमचं नाव काढता येत न्हाई, सर," तो म्हणाला.

सोबत आणलेली डिस्क जोडून त्यानं तासाभरात संगणक उभा केला. भाषणं सगळी आहेत. एकही गेलं नाही.