सात नंबरच्या बंदुकीची माशी

बाई, काल मी बंदूक घेतली. छऱ्याची, स्पर्धेत वापरतात तसली. चौसष्टाव्या वर्षी आयुष्यातली पहिली बंदूक घेणाऱ्या बाईकडे लोक जसे बघतात तसे तिथले सगळे बघत होते, त्याचं मला काही नाही. मला एकच गोष्ट तपासायची होती. कॉलेजच्या छात्रसेनेत तुम्ही मला दिलेल्या सात नंबरच्या बंदुकीची माशी वाकडी होती, की दोष माझा होता. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक खिळा. मागच्या खाचेत तो मधोमध दिसला पाहिजे आणि त्याच्या डोक्यावर निशाण, हे तुम्हीच शिकवलंत.

कातळावरचं ते मैदान मला अजून दिसतं. मागे जांभ्याचा उंच बांध, त्याला टेकवलेली निशाणं, आणि सतरंजीवर पालथ्या पडलेल्या आम्ही मुली. खाकी साडीचा पदर खोचून तुम्ही आमच्या मागून फिरताय. माझ्या पाचही गोळ्या उजवीकडे खाली. दुसऱ्या फेरीत तिथेच, तिसऱ्या फेरीतही तिथेच. तुम्ही वाकता आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, "चाप दाबायचा असतो गो, उपटायचा नाही. भातातलं तण बेणायला आली आहेस काय?" मुली हसल्या. मी म्हटलं, "बाई, माशी वाकडी आहे." तुम्ही म्हणालात, "माशी सरळ आहे. तुझं बोट बघ." संघात प्राचार्यांच्या पुतणीची निवड झाली. तिच्याकडे दोन नंबरची बंदूक होती. मला तेवढं पुरे होतं. मी प्राचार्यांकडे अर्ज दिला, सहीनिशी, की पुतणीला पुढे काढण्यासाठी बाईंनी मला मुद्दाम वाकड्या माशीची बंदूक दिली. घरच्या मुलीचं नाव आल्यावर प्राचार्यांना ते अंगावरून झटकायचंच होतं. पुढच्या जूनमध्ये छात्रसेनेचं काम तुमच्याकडून काढून घेतलं. तुम्ही इतिहास शिकवत राहिलात. खाकी साडीत तुम्ही पुन्हा कोणाला दिसला नाहीत.

अर्ज दिल्यावर, जून यायच्या आधी, एकदा जिन्यात तुम्ही मला थांबवलंत. रागावला नव्हतात. "रविवारी ये. सात नंबर कपाटातून तूच काढ. आधी मी पाच झाडते, मग तू झाड." मी आले नाही. तोवर तुम्ही माशी ठोकून सरळ केली असणार, असा माझा कयास. गेले असते तर काय दिसलं असतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. पुढे बँकेत चौतीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या. तिथे संशयालाच पगार मिळत होता, त्यामुळे तो वाढला. तुम्ही गेलात तेव्हा मी सावर्ड्याच्या शाखेत होते. बातमी वेळेत कळली होती. तरी आले नाही.

आता मिरजोळ्याच्या बाजूला एका गोदामात नेमबाजी शिकवतात, बंदुकाही तिथेच मिळतात. शिकवणारा तिशीचा, बोलायला गोड, म्हणून मी पहिल्यापासूनच सावध. त्याने टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. एक दुर्बीण, एक बारीक भोकातून बघायची 'पीप', आणि साधी खाच-माशी.

"काकी, दुर्बीण बसवूया. लांबचं जवळ दिसतं."

"दहा मीटरवर लांब काय आहे? आणि यात तुला काय सुटतं?"

"मला? तुमच्या तावडीतून सुटेन." मग जरा गंभीर झाला. "बरं, पीप घ्या. या वयात खाच, माशी नि निशाण एकदम स्वच्छ दिसत नाहीत. डोळा दमतो."

महागाकडेच वळवतोय, हे माझ्या लक्षात आलं. मी खाच-माशी मागितली. जुनी शंका जुन्याच मापाने मोजायची, दुसऱ्या कशाने मोजली असती तर मला पटलं नसतं.

आधी त्याला झाडायला लावलं. पाचही मध्यावर. मग मी. उजवीकडे खाली. मी पर्समधली स्टीलची पट्टी काढून माशी तपासली. सरळ होती. "तुझ्या हातातली बंदूक आहे, तुला तिची खोड ठाऊक, तू ती भरून काढतोस," मी म्हटलं. तो वाद घालत बसला नाही. "आणखी पाच घ्या. मी भरून देतो." तीन झाल्या. चौथ्या वेळी चाप दाबला तर आवाजच नाही. त्याने भरल्यासारखं करून रिकामी बंदूक हातात दिली होती. छरा सुटला नाही, धक्का बसला नाही, पण माझं मनगट खेचलं गेलं आणि माशी माझ्या डोळ्यांदेखत खाचेतून उजवीकडे खाली घसरली.

"बघितलंत? दाबायचं काकी. खेचायचं नाही."

मी आणखी दोनदा रिकामीच झाडून पाहिली, या खेपेस माझ्या हाताने तपासून, कारण त्याच्यावर माझा विश्वास नव्हता. दोन्ही वेळा तेच झालं.

बाई, तुमची सात नंबर सरळ होती. माझी तक्रार खोटी होती, आणि जिन्यात तुम्ही ते सिद्ध करायची संधी मागत नव्हतात, अर्ज मागे घ्यायची संधी मला देत होतात.

तुमची मुलगी पालीला असते. पत्ता मिळवला आहे. हे लिहिलेलं तिला पाठवणार नाही. तिला तो अर्ज ठाऊक नसेल तर मी कशाला सांगू, आणि ठाऊक असेल तर इतक्या वर्षांनी ही बाई आता का लिहिते आहे, असा संशय ती घेईल. मी तरी घेतला असता.

बंदूक घेतली ती शेवटी पीप लावूनच. त्याला सांगितलं, तू म्हणालास ते खरं, खाचेतली माशी आता मला धूसर दिसते. तो खूश झाला. माझा मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली. माशी मला अगदी स्वच्छ दिसते. बघवत नाही एवढंच.