संगीत खातं माझ्याकडे

२ ऑगस्ट, रविवार
आज लग्नाचं खातेवाटप झालं. हॉल आणि जेवण हिच्याकडे. कपडे कन्येकडे. पाहुणे, गाड्या आणि खोल्या मेहुण्याकडे. रिसेप्शनचं संगीत माझ्याकडे.

कन्या म्हणाली, बाबा, तुला दोनच कामं. एक डीजे ठरवायचा आणि माझ्याबरोबर एक गाणं नाचायचं. नवरा-नवरीचा पहिला नाच झाला की वडील आणि मुलीचा नाच असतो. मैत्रिणींच्या रिसेप्शनला गेली की दर वेळी घरी येऊन तेवढंच सांगायची, कोणाचे वडील कसे नाचले. मी म्हणालो, अगं, त्यात काय! ही स्वयंपाकघरातून हसली. का, ते कळलं नाही.

एकतीस वर्षं बसची वेळापत्रकं बनवतोय. एक संध्याकाळ म्हणजे हातचा मळ.

संकल्प : (१) आठवड्याभरात डीजे. (२) नाचाचा सराव रोज वीस मिनिटं, सकाळी ६.४० ते ७.००.

३ ऑगस्ट
६.४० ला उठलो. सराव उद्यापासून. सोमवारी सुरू केलेलं माझं काही टिकत नाही, असा अनुभव आहे.

५ ऑगस्ट
कन्येने एक डीजे सुचवला. पोरगेलासा आहे, हेडफोन गळ्यातून काढतच नाही. त्याला आपण हेडफोन म्हणू. तिच्या ऑफिसातल्या दोन लग्नांना तो होता, उत्तम वाजवतो म्हणे. तारीख मोकळी आहे, आजच हो म्हणून टाक, म्हणाली.

असं हो म्हणून टाकायला हा काय भाजीचा ठेला आहे? आमच्या ऑफिसात साधी खुर्ची घ्यायची तरी तीन अर्ज मागवतात. बावीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला. प्रश्न ७ : गाणं मध्येच बंद पडल्यास किती सेकंदांत पर्यायी व्यवस्था होईल? प्रश्न १४ : पाहुण्यांनी फर्माईश केल्यास कोणाची परवानगी घ्याल? (अपेक्षित उत्तर : माझी.)

सराव नाही. फॉर्ममुळे.

१९ ऑगस्ट
हेडफोनने बावीसच्या बावीस उत्तरं एका दिवसात पाठवली होती. उत्तरं बरी आहेत. पण तुलना करायला अजून दोन अर्ज हवेत. बाकी कोणी फॉर्म भरतच नाही. एकाने फोन करून विचारलं, ही नोकरीची जाहिरात आहे का. स्मरणपत्रं पाठवली.

ही म्हणाली, तुमच्या नादात तो पोरगा हातचा जाईल. हिला कामाची पद्धत माहीत नाही.

५ सप्टेंबर
हेडफोनने त्या तारखेला दुसरं लग्न घेतलं. महिनाभर वाट बघितली म्हणे. शब्दाला काही किंमत? (मी शब्द दिला नव्हता, हे मान्य. पण विचार चालू होता.)

कन्येला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बरं. माझ्या पद्धतीवर तिचा विश्वास आहे.

१२ सप्टेंबर
एकुलता एक अर्ज आला. बाई आहेत. पन्नाशीच्या. दिवसा एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवतात, शनिवार-रविवार डीजे. जाऊन भेटलो. दिव्याखाली एक कवळी घासत बसल्या होत्या. भरलेला फॉर्म परत दिला. बावीस प्रश्नांपुढे एक महिरपी कंस आणि एकच शब्द : पाहू.

मग त्यांनीच मला विचारलं, नवरीच्या घरचं कोण कोण नाचतं? म्हणालो, सगळेच. तुम्ही? म्हणालो, अर्थात. त्यांनी कवळी खाली ठेवली आणि जरा वेळ माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, बापलेकीचं गाणं पहिल्या अर्ध्या तासात उरकून टाका, नंतर वडील सापडत नाहीत.

व्यावसायिक शिस्त कमी आहे. तरी ठरवून टाकलं. तारखेला दुसरं कोणी मोकळंच नाही.

२० सप्टेंबर
वेळापत्रकाचा पहिला खर्डा झाला. गाणी ६४. चार रकाने : वेळ, गाणं, कालावधी, शेरा. ७.३० जोडप्याचा प्रवेश. ७.४२ पहिला नाच. ७.५० वडील-मुलगी. ८.०० केक. असं करत ११.०० शेवटचं गाणं, कारण अकराला हॉलवाला दिवे घालवतो.

हिला दाखवलं. म्हणाली, अहो, माणसं आहेत ती, बस नाहीत. म्हणालो, म्हणूनच उशीर करतात.

आज फार दमलो. सराव उद्या.

२७ सप्टेंबर, रविवार
कन्या खास सरावासाठी आली. गाणं तिनेच निवडलंय. जुनं, संथ, तीन मिनिटं पन्नास सेकंद. दाढी करताना मी ते शिट्टीवर वाजवायचो आणि ती बाथरूमच्या दाराबाहेर बसून ऐकायची म्हणे. मला आठवत नाही.

टेबल सरकवलं. खुर्च्या भिंतीला लावल्या. ती दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की स्पीकरची वायर तपासायला हवी. वायर म्हणजे संगीताचा पाया. तपासून होईपर्यंत दीड तास गेला आणि तिची जायची वेळ झाली. पुढच्या वेळी नक्की, असं ठरलं.

बाप-लेकीचा नाच ७.५० वरून ८.५५ ला घेतला. सुरुवातीला लोक नुसतेच इकडेतिकडे बघत असतात.

४ ऑक्टोबर
खोलीचं दार लावून सराव केला. उशी घेऊन. एक मिनिट छान चाललं होतं, तेवढ्यात कपाटाच्या आरशात बघितलं.

आरसा बदलायला हवा. जुना झालाय, माणूस भलताच दिसतो.

नाच ९.४० ला घेतला. जेवणं उरकल्यावर लोक निवांत असतात.

११ ऑक्टोबर, रविवार
कन्या येणार होती, पण मला हॉलवर जावं लागलं. आवाज कुठे घुमतो ते बघणं आवश्यक होतं. सोळा ठिकाणी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हॉलचा मॅनेजर बघत होता. अखेर म्हणाला, साहेब, काही हवंय का?

घरी आलो तर टेबल भिंतीला, मायलेकी घामाघूम, आणि मी आल्यावर एकदम गप्प. विचारलं तर ही म्हणाली, झाडलोट केली. छान. घर स्वच्छ झालं.

१८ ऑक्टोबर, रविवार
पुन्हा झाडलोट. मला आधी दोन तास पार्किंग मोजायला पाठवलं होतं. पार्किंग मेहुण्याच्या खात्यात येतं, हे मी निदर्शनास आणलं. ही म्हणाली, जा हो.

२५ ऑक्टोबर
नाच १०.५० ला. हे अंतिम. तेव्हा जवळची माणसं तेवढी उरतात. दर्जेदार प्रेक्षक.

कन्येला नवं वेळापत्रक पाठवलं. लगेच तिचा फोन. बाबा, अकराला दिवे जातात. म्हणालो, म्हणून तर, सगळ्यात चांगलं ते शेवटी. ती म्हणाली, तुला नको असेल तर आत्ता सांग, मी रागावणार नाही. म्हणालो, भलतंच काय! तिने परत तेच विचारलं. मी परत तेच उत्तर दिलं. मग आम्ही प्लगपॉइंटवर बोललो.

फोन ठेवल्यावर उगाच बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. लग्नाच्या कामांनी नाकी नऊ आणलेत.

६ नोव्हेंबर
उद्या रिसेप्शन. वेळापत्रकाच्या पाच प्रती लॅमिनेट करून आणल्या.

सरावाचा हिशोब : एकूण एक मिनिट. (उशी.) पण ताल मुळात अंगात असावा लागतो आणि तो माझ्या अंगात आहे. जिना उतरतानासुद्धा पावलं तालात पडतात, आज मुद्दाम लक्ष दिलं.

७ नोव्हेंबर, शनिवार
सायं. ७.१० — हॉलच्या कॉरिडॉरमध्ये. डीजेबाई वेळेवर आल्या. त्यांना प्रत क्रमांक १ दिली. त्यावर त्यांनी कॉफीचा पेला ठेवला.

७.३० — प्रवेशाची वेळ. प्रवेश करायला कोणी नाही. नवरीचे केस चालू आहेत.

८.०५ — पहिला नाच, तेवीस मिनिटं उशिरा. जावईबापूंनी दोनदा तिच्या झग्यावर पाय दिला. दोघं हसत सुटले. हसायला कालावधी धरला नव्हता.

८.४० — बाई कागदाकडे ढुंकूनही बघत नाहीत. लोकांच्या पायांकडे बघतात. खुर्चीत बसल्या बसल्या कोणाचा पाय हलतोय, ते बघून गाणं लावतात. सहाव्यानंतर एकदम एकेचाळिसावं लावलं. मी हरकत घेतली. म्हणाल्या, पाहू. माझा मोठा भाऊ, जो माझ्या लग्नातही जागचा उठला नव्हता, तो आता फ्लोअरच्या मधोमध आहे. वेळापत्रकात हे कुठेच बसत नाही.

९.१० — कन्या बाईंच्या कानात काहीतरी बोलून गेली.

९.२० — बाईंनी माइकवर जाहीर केलं, आता नवरी आणि तिचे वडील. आत्ता? माझी वेळ १०.५० ची आहे! दीड तास आधी! शिट्टीवाल्या गाण्याची सुरुवात ऐकू आली. लोकांनी वाट करून दिली. कन्या मध्ये उभी, हात पुढे, मला शोधत होती. मी स्पीकरच्या मागे होतो. नेमकं तेव्हा लक्षात आलं की बाहेर आवाज किती जातो ते कोणीच तपासलेलं नाही. शेजारच्या इमारतीतून तक्रार आली म्हणजे?

९.२२ — पार्किंग. आवाज बाहेर व्यवस्थित येतो. बास किंचित जास्त. वॉचमनने विचारलं, पाहुणे का? म्हणालो, संगीत खातं. तो म्हणाला, मग आत असायला हवं ना. गाणं तीन मिनिटं पन्नास सेकंदच होतं, सेकंद इकडे नाही, तिकडे नाही. संपल्यावर मोठा टाळ्यांचा आवाज आला. मग शिट्ट्या.

१०.१५ — आत आलो. कुठे होतात, असं कोणीही विचारलं नाही. हिचे केस सुटलेले, कपाळावर घाम, भोवती घोळका. मेहुणा म्हणाला, ताईने काय कमाल केली! गिरकी तर बघायला हवी होती! मी म्हणालो, हो, छानच झाली.

ही आणि कन्या नाचल्या. पहिल्याच प्रयत्नात इतकं जमत नाही. झाडलोट म्हणजे ते होतं तर.

१०.५० — माझी वेळ. फ्लोअर रिकामा. बाईंनी वायरी गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. लावू का, असं विचारत होत्या. मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

११.०० — दिवे गेले. अगदी वेळेवर.

८ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ९.१५ — फोन सुरू झाले. पहिला मोठ्या भावाचा. म्हणाला, आता कसा आहे गुडघा? मी म्हणालो, कोणाचा? तो म्हणाला, तुझाच की, डावा. शेकतोयस ना?

सकाळी १०.०० — आतापर्यंत चार जणांनी डाव्या गुडघ्याची चौकशी केली. एकाने डॉक्टर सुचवला. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत.

सकाळी १०.४० — हिला विचारलं. ती कप विसळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, तुम्ही दिसला नाहीत तेव्हा तिनेच माइक घेतला. म्हणाली, बाबांचा डावा गुडघा सकाळपासून दुखतोय, नाचणं शक्य नाही, म्हणून त्यांच्याऐवजी आई. लोक किती हळहळले!

विचारलं, आणि तुम्ही दोघी कधीपासून तयारी करत होतात? म्हणाली, तुम्ही दीड तास वायर तपासलीत त्या दिवसापासून. आपली लेकच म्हणाली, आपण करू ना आई, उगाच त्याला त्रास नको.

ही एकही शब्द टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ३.३० — कन्येचा फोन. सासरची मंडळी आसपास होती, मागून बोलणं ऐकू येत होतं. मोठ्याने म्हणाली, बाबा, कसा आहे गुडघा? मी म्हणालो, बराय आता. जास्त जिने चढू नकोस, म्हणाली. म्हणालो, नाही चढत. मग आवाज बारीक करून म्हणाली, गाणी मस्त झाली हं, सगळे म्हणत होते. मला काहीतरी म्हणायचं होतं. म्हणालो, बास किंचित जास्त होता.

फोन ठेवला. मी घाबरलो होतो. इतकंच झालं होतं. सगळ्यांसमोर पाय चुकले असते आणि लोक हसले असते. जावईबापूंना हसलेच की, आणि ते किती मजेत होते! तिला माझा नाच बघायचाच नव्हता. मी तिथे असायला हवा होतो. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितोय.

सायं. ५.०० — मेहुणा, त्याची बायको आणि जावईबापूंचे आईवडील गुडघा बघायला येताहेत. सहाला पोहोचतील. कन्या भर हॉलमध्ये माझ्यासाठी खोटं बोलली, ते उघडं पडता कामा नये.

सायं. ५.४० — दिवाणखान्यात टेबल भिंतीला सरकवून लंगडण्याचा सराव केला. सलग अर्धा तास. आरशासमोर. दोनदा पाय चुकला. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, डावा, अहो, डावा. मग पुढे आली आणि पाऊल कसं टाकायचं ते दाखवायला माझा हात धरला.