फ्रीजर, घर आणि धाकटीवरचा आळ

मी खाली सही करणारी, वय अडुसष्ट, पूर्वी कारखान्याचे कँटीन चालवणारी, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. एरवी हे वाक्य रीत म्हणून लिहितात. मला ते सिद्ध करावे लागत आहे, कारण माझा थोरला मुलगा चार लोकांत सांगत फिरतो की गॅस डोक्यात गेल्यापासून आईला काही कळत नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंना समोर बसवले आहे. त्यांनी मला तपासले, उलटसुलट प्रश्न विचारले आणि शेवटी शंभर माणसांच्या चहाला साखर किती लागते तेही विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, "लिहा बिनधास्त."

आपण कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, असेही लिहायची पद्धत आहे. दबाव आहे. तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला आहे आणि मधूनमधून दार वाजवतो आहे. मी कडी लावली आहे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे दिले होते, ते मी रद्द करते.

कलम १. राहते घर माझ्या कमाईचे असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मागच्या खोलीसकट आणि अंगणासकट धाकटीला द्यावे. धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या मुलाची बायको. धाकटा तिला सोडून दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात गेला. जाताना तिला म्हणाला, "काही दिवस आईकडे राहा." ती राहिली. लोकांना वाटते, मी तिला आधार दिला. पण त्याच वर्षी आमचे हे गेले होते, कारखान्याला टाळे लागून कँटीनही बंद पडले होते, आणि संध्याकाळी या घरात शिरून "आई, काय करताय?" असे विचारणारे दुसरे कोणी उरले नव्हते.

कलम २. धाकट्याला त्याची मोटारसायकल द्यावी. ती अंगणात गंजत पडली आहे. स्वतः येऊन न्यावी आणि येईल तेव्हा बायकोच्या नजरेला नजर देऊन न्यावी.

कलम ३. डीप फ्रीजर, त्याला बसवलेले नळ, पिंपे आणि सगळे सामान धाकटीला. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सगळे रामायण यावरूनच झाले.

हा आडवा, वरून झाकणाचा फ्रीजर कँटीनचा. कँटीन गेले आणि तो मागच्या खोलीत रिकामा पडला. मी भंगारवाल्याला बोलावणार होते. धाकटी सोड्याच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या यंत्रावर कामाला आहे. ती म्हणाली, "आई, विकू नका. यात बिअरची पिंपं ठेवू. वर नळ बसवू. फिरवला की थंडगार ग्लास."

मी म्हटले, "या वयात मी गुत्ता उघडू?"

"उघडा की. गिऱ्हाईक आपण दोघीच."

मी तोवर आयुष्यात अर्धा ग्लास बिअर प्यायले होते, तीही यांच्या ग्लासातली. पण संध्याकाळी हाताला काम नव्हते. तिने कारखान्यातून मोडीत निघालेली स्टीलची पिंपे रीतसर विकत आणली. बार्लीची बिअर घरी कशी करायची ते आम्ही शिकलो. पहिली खेप आंबट झाली, ती मोरीत ओतली. फ्रीजरच्या अंगाला भोक पाडायचे नाही, असे तिने पहिल्याच दिवशी बजावले, कारण थंड करणाऱ्या नळ्या त्या पत्र्यामागूनच फिरलेल्या असतात. एक फुटली की सगळे बाद. म्हणून झाकण काढून फ्रीजर आणि झाकण यांच्या मधे लाकडी चौकट बसवली आणि नळ त्या चौकटीतून काढले. चौकट मी केली. हे कारखान्यात साच्यांचे सुतार होते, त्यांची करवत आणि रंधा मी वर्षानुवर्षे फक्त पुसून ठेवत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा चालवली. कोपरे नीट जुळले तेव्हा मी त्या चौकटीशेजारी जमिनीवर बसून रडले. धाकटी शेजारी भुसा झाडत राहिली.

फ्रीजर बर्फ करतो, बिअरला तेवढे गार चालत नाही, म्हणून ठरावीक थंडीला वीज तोडणारे एक छोटे यंत्र लावले. बिअर नळापर्यंत ढकलायला लागतो सोड्याचा गॅस. त्याचे सिलिंडर मात्र आम्ही फ्रीजरच्या बाहेर, उघड्या खिडकीखाली, भिंतीला साखळीने बांधून ठेवत होतो. हा धाकटीचा नियम. "आई, हा गॅस हवेपेक्षा जड. रंग नाही, वास नाही. गळला तर टाकीत पाणी साचावं तसा फ्रीजरमध्ये साचेल. कळायच्या आत माणूस आडवा." प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून, बुडबुडा येत नाही ना ते ती मला दाखवायची.

आता त्या दुपारचे. मी बाजारातून आले. खिडकीखाली सिलिंडर नव्हते, साखळी लोंबत होती. वाटले, धाकटीने भरायला नेले असेल. झाकण उचलले तर सिलिंडर आत. हे इथे कसे, म्हणून वाकले. नाकात सोडा गेल्यासारखी झिणझिण झाली. मागे व्हावे असे मनात आले, पण पाय माझे राहिले नव्हते. कमरेपासून वरचा भाग आत आणि पाय बाहेर, अशी मी लटकले.

धाकटी कामावरून आली, तिने माझे पाय पाहिले. श्वास रोखून आत शिरली, मला कमरेला धरून ओढले आणि फरपटत अंगणात आणले. माझ्या पाठीवर अजून त्या उंबऱ्याचे वळ आहेत. ती तोंडाने माझ्या छातीत हवा भरत होती, तेव्हा शेजारचे फोरमन भिंतीवरून उडी मारून आले. हे त्यांनी पाहिले आहे आणि ते खाली सही करत आहेत.

दवाखान्यात डोळे उघडले तर थोरला उशाशी. म्हणाला, "आई, तिला या गॅसची सगळी माहिती. रोज हेच काम करते. घरात तुम्ही दोघीच. तूच विचार कर."

मी विचारले, "ती कुठे आहे?"

"चौकीवर. मी तक्रार दिली."

तिला बाकावर बसवून ठेवले होते, चपला काढायला लावून. कारखान्याने चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नको म्हणून सांगितले. सासूला मारायला निघालेली बाई, असे गल्लीत झाले. मी कितीही सांगितले तरी पोलीस म्हणायचे, "मावशी, तुम्ही बेशुद्ध होता." धाकटी घरी आली ती बॅग भरायलाच. म्हणाली, "आई, मी इथे राहिले तर तुम्हाला काहीही झालं तरी माझंच नाव येणार." मी बॅग उलटी केली आणि तिच्या साड्या परत कपाटात ठेवल्या. त्या रात्री ती दाराकडे तोंड करून पडली होती.

मग एक दिवस जागांचा दलाल फळे घेऊन आला. मला वाटले, भेटायला आला. तो विचारत होता, व्यवहार अजून करायचा आहे ना. मी म्हटले, "कसला व्यवहार?" त्याचा चेहरा पडला. "तुमच्या मुलाने घर दाखवलं ना, तुम्ही पडलात त्या दिवशी, तुम्ही दोघी बाहेर असताना. म्हणाला, आई राजी आहे." मी त्याला बसवून सगळे काढून घेतले. मागच्या खोलीत नळ आणि सिलिंडर पाहून दलालाने विचारले, हा काय प्रकार? थोरल्याला लाज वाटली. त्याने साखळी सोडली, सिलिंडर उचलून फ्रीजरमध्ये घातले, झाकण लावले, खिडकीही लावली. नळी वाकली, जोड ढिला झाला. दलाल हे सगळे बघत उभा होता.

मी थोरल्याला बोलावून विचारले. "सिलिंडर तू ठेवलंस?"

"मला काय माहीत होतं, आई, असं होईल!"

"ते मला पटलं. पण दवाखान्यात तुला माहीत होतं ना?"

त्यावर तो उठून गेला.

म्हणून स्पष्ट लिहिते. सिलिंडर आत ठेवले ही चूक, तिची मला तक्रार नाही. मी मेले असते तरी नसती. आपली चूक झाकायला त्याने तिला चौकीत बसवले, याची आहे.

कलम ४. बँकेतली ठेव आणि यांची सुतारकामाची हत्यारे थोरल्याच्या मुलीला. करवतीला तेल लावत जावे.

कलम ५. बाजारातला गाळा थोरल्याला, परंतु एका अटीवर. त्याने धाकटीसमोर खरे बोलावे आणि चौकीत जाऊन तक्रार मागे घ्यावी. माझ्या मरणापर्यंत हे झाले नाही, तर गाळाही धाकटीला.

इथवर लिहून मी कडी काढली. थोरल्याला आत घेतले आणि सगळे मोठ्याने वाचून दाखवले. धाकटी ओट्याला टेकून उभी होती. पाचवे कलम संपल्यावर म्हणाला, "बघू. जाईन मी."

मी म्हटले, "ती इथेच उभी आहे."

साक्षीला बोलावलेले फोरमन खिडकीबाहेर बघत होते. शेवटी तो जमिनीकडे बघून म्हणाला, "सिलिंडर मी आत ठेवलं होतं. खिडकी पण मीच लावली."

धाकटी म्हणाली, "भाऊजी, मला ते माहीत आहे. माझ्या सुपरवायझरला माहीत नाही. चौकीत सांगा."

तो उठला. वाटले, गेला तो गेलाच. फोरमन चपला घालून त्याच्यामागे निघाले. आम्ही तिघी बायका टेबलाशी बसून राहिलो. डॉक्टरीणबाईंनी दोनदा माझी नाडी पाहिली. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा दोघे परत आले. थोरल्याने तक्रार मागे घेतल्याचा, चौकीचा शिक्का मारलेला कागद माझ्यापुढे न ठेवता धाकटीपुढे ठेवला. तिने तो वाचला, घडी केली आणि कमरेला खोचला. एक शब्द बोलली नाही. बोलायलाच हवे असे मीही म्हणणार नाही.

कलम ५ मधली अट पुरी झाल्याने मी ती खोडली आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. गाळा त्याचा. कलम १ मध्ये काहीही बदल नाही, हे मी त्याला पुन्हा एकदा सांगितले. मग विचारले, "चहा घेणार?" नको म्हणाला. पण खुर्ची ओढून बसला.

हे सर्व मी वाचून, समजून, जागेपणी लिहिले आहे.

सही : लिहून देणारी, वरील घराची मालकीण

साक्षीदार
१. शेजारी, कारखान्याचे निवृत्त फोरमन (सही). धाकटीला अंगणात बाईंना श्वास देताना मी पाहिले. चौकीतही सोबत होतो.
२. डॉक्टरीणबाई (सही). लिहून देणारी शुद्धीत आहे. नाडी आता ठीक.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : ९ मार्च, संध्याकाळ