तीनशे चाळीस टाळ्या, चौदा बिस्किटं

३ तारीख, मंगळवार. सकाळ.
बाबा पास होऊन चार महिने झाले, मग त्यांना आता परत कॉलेजात कशाला बोलावलंय? थोरलीने दात घासताना विचारलं. मला उत्तर आलं नाही. शिक्षिकेने असं कबूल करू नये, म्हणून फक्त इथे करते. तिला म्हटलं, तिथे गेल्यावर कळेल.

ठरलं तर मग. नवऱ्याच्या पदवीदानाला दोन्ही मुली येणार. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी कॉलेजात जायचं, असं सहा वर्षं करून माणूस बी.कॉम. होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. थोरली पाच वर्षांची, धाकटी पावणेतीन. संस्कारांचं हेच वय. मी माझ्या माहेरची पहिली पदवीधर; मला असं काही दाखवायला घरात कोणी नव्हतं. माझी स्वतःची पदवी पोस्टाने आली. पोस्टमनने सही घेतली, पाणी प्यायला आणि गेला. त्याचं मला काही वाटत नाही. हे मी या वहीत आधीही दोनदा लिहिलं आहे.

३ तारीख, संध्याकाळ.
नवरा म्हणाला, तू एकटीच ये ना. मुली राहतील आईजवळ. तू समोर बसलेली दिसलीस की झालं. बिचारा. एवढं शिकूनही बुजरेपणा गेला नाही.

४ तारीख.
निमंत्रण नीट वाचलं. पाहुण्यांचे पास दोन. एक माझा, एक थोरलीचा. धाकटी मांडीवर, मांडीला पास लागत नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की पाच वर्षांखालील मुलांना आणू नये. नियम बेशिस्त मुलांसाठी आहे हे उघड आहे.

५ तारीख.
मौनाचा सराव सुरू. समारंभ अडीच तासांचा. दोघींना सोफ्यावर बसवलं, घड्याळ लावलं. चार मिनिटं! रोज चार वाढवली तर अडतीस दिवसांत अडीच तास. हातात नऊ दिवस आहेत, पण मुलं शेवटी वेग पकडतात.

सासूबाई म्हणाल्या, अगं मुली आहेत त्या, फ्रीज नव्हेत. आणि फ्रीजसुद्धा मधूनमधून घुरघुरतो. मी हसले. जुन्या पिढीशी वाद घालायचा नाही, असा या वर्षीचा संकल्प आहे.

७ तारीख.
नवी पद्धत शोधली. नवरा स्वयंपाकघरातून रुबाबात चालत येतो. टीव्हीजवळ सासूबाई त्याला गुंडाळलेला पेपर देतात. आम्ही टाळ्या वाजवतो. तोवर जी गप्प बसली तिला एक बिस्कीट. धाकटी दुसऱ्या फेरीतच शिकली. टाळी वाजली की हात पुढे. यावर लेख लिहिता येईल.

९ तारीख.
नवरा कामावरून आला तो ग्रीसचे हात घेऊनच. तीन फेऱ्या केल्या. चौथ्या फेरीला पेपर घेतला आणि तिथेच बसून वाचायला लागला. म्हणाला, माझी तयारी झालीय गं, मला एकदाच तर चढायचंय. मौनाचा आकडा: नऊ मिनिटं. त्यातली दोन धाकटी झोपली होती. धरली आहेत.

१३ तारीख, शाळेत.
शेजारच्या वर्गाच्या बाईंनी विचारलं, उद्या सोबत कोणी मोठं माणूस आहे की नाही? मी म्हटलं, माझा वर्ग बघता ना तुम्ही, चाळीस मुलं कशी चिडीचूप. त्या म्हणाल्या, ती मला भिऊन गप्प असतात, आपल्यामधली भिंत पातळ आहे. लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

घरी सासूबाईंचं चालूच. एकीला तरी ठेव माझ्याजवळ. निदान भोंग्याला ठेव. भोंगा म्हणजे धाकटी. मी ठाम नकार दिला. एकीने पाहायचं आणि एकीने नाही, हा अन्याय आहे.

१४ तारीख, शनिवार. सकाळी ७.
डबा भरला. बिस्किटं चौदा. खरी गरज एका टाळीची, म्हणजे दोन. बारा राखीव.

१०.४०. सभागृहात.
कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहिते आहे. दारावरच्या माणसाने धाकटीला अडवलं. मी त्याला बालशिक्षणाबद्दल सहा मिनिटं समजावून सांगितलं. मागच्या रांगेनेही पाठिंबा दिला, अहो सोडा त्यांना, सोडा एकदाचं. विचारांचा विजय. नवरा पुढे पदवीधरांत बसलाय, काळ्या गाऊनमध्ये. दोनदा मागे वळून पाहिलं त्याने.

१०.५५.
प्रमुख पाहुणे संयमावर बोलताहेत. थांबत नाहीत. मुली अकरा मिनिटं गप्प. विक्रम.

११.१०.
पदव्या सुरू. आधी कला, मग वाणिज्य, मग विज्ञान. एकूण तीनशे चाळीस. प्रत्येकासाठी टाळ्या वाजवतात. हे मी सरावात धरलं नव्हतं.

११.१३.
डबा रिकामा.

११.१४.
आठव्या टाळीला धाकटीने हात पुढे केला. नवव्या टाळीला बिस्कीट मागितलं. दहाव्या टाळीला सगळ्या सभागृहाला कळवलं. पुढच्या आजोबांनी खिशातून एक गोळी काढून दिली. थोरली म्हणाली, मग मला का नाही? तिचं तत्त्वतः बरोबर आहे.

११.१८.
स्वयंसेविका वाकून म्हणाली, ताई, पाच मिनिटं जरा बाहेर जाऊन येता का? प्लीज. स्टेजवर त्यांना नावं वाचता येईनात. कलेचेच शंभर आहेत. वेळ भरपूर.

१२.०५. बाहेर.
बिस्किटांसाठी कॅन्टीनला रांग. मग थोरलीला शू. मग धाकटीलाही, पण थोरलीबरोबर नाही, तिची संपल्यावर. आता परत दारापाशी आहोत. आतून टाळ्या ऐकू येतात. दर टाळीला धाकटी हात पुढे करते आणि मी बिस्कीट देते. दारावरच्या माणसाला विचारलं, वाणिज्य सुरू झालं का? तो म्हणाला, झालं की ताई. सुरू पण झालं आणि संपलं पण. आता सायन्स.

म्हणजे त्यातली एक टाळी त्याची होती. कुठली, ते कळायला मार्ग नाही. बिस्कीट मात्र दिलं गेलं असणार.

१४ तारीख, दुपार.
नवरा बाहेर आला. टोपी काखेत. विचारलं, दिसलो का? मी म्हटलं, छान दिसलास. तो म्हणाला, तुझ्या खुर्चीवर पाण्याची बाटली होती आणि धाकटीचा एक बूट. मी बाटलीकडे बघून हात केला. लोकांना काय माहीत.

रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मला मुद्दे मांडता आले असते. थोरलीने विचारलं, बाबा, तुमचा नंबर कधी आहे? तो म्हणाला, येऊन गेला गं राणी. बसमध्ये धाकटी त्याच्या मांडीवर झोपली. पूर्ण चाळीस मिनिटं मौन. मी घड्याळ लावलं नाही.

१६ तारीख, सोमवार. मधली सुट्टी.
दोन दिवस आत्मपरीक्षण केलं. पद्धत बरोबर होती. बिस्किटांचा अंदाज तेवढा चुकला. शिवाय मुलींचं वय.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी शनिवारपासून लिहायचं टाळते आहे. त्या खुर्चीवर तो मुलींना शोधत नव्हता.

काल त्याला म्हटलं, घरातच एकदा परत करून दाखव, मी हलणार नाही. तो म्हणाला, राहू दे, झालं ते झालं. मग मान खाली घालून बराच वेळ मिक्सरचा स्क्रू पिळत बसला. मिक्सर बिघडलेला नव्हता.

आज सकाळी कॉलेजच्या ऑफिसात फोन केला. एकच पदवी त्याच माणसाला दोनदा देता येते का? तिथल्या बाई म्हणाल्या, छे. मग थोडं थांबून म्हणाल्या, दुसरी पदवी घेतली तर देतात.

एम.कॉम. दोनच वर्षांचं. मी एकटी जाणार. पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत खुर्ची सोडणार नाही. आजच शेवटची तारीख होती आणि तो कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या आत, फोन लागत नाही. म्हणून फॉर्म मीच भरला. विषय निवडले, त्याचा फोटो जोडला, बारा वाजून दहा मिनिटांनी सबमिट केला.