‘रिकामा पाट’, उमरेडच्या क्रमाने

मी, रुपराव दादाजी कळंबे, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी सिनेमाच्या पेट्या पोचवणे व सध्या काही नाही, राहणार जुनी शुक्रवारी, नागपूर, राजीखुशीने लिहून ठेवतो की, माझे गुडघे गेले आहेत, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण डोके शाबूत आहे. या शेवटच्या मुद्द्याबद्दल माझे मेहुणे ताराचंद यांचे मत वेगळे आहे. त्याचे कारण पुढे येईल. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. लिहायला बसलो तेव्हा पत्नीने “आता हे काहाले काढलं जी?” एवढेच विचारले, त्याला दडपण म्हणता येणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याची हौस नाही.

माझे अक्षर मलाच लागत नाही, म्हणून शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका कुसुमताई भोयर माझ्या सांगण्यावरून ही पक्की प्रत लिहीत आहेत. त्या माझे शुद्धलेखन सुधारतात. स्वभावही सुधारायला निघाल्या होत्या, तेही पुढे येईल.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, न्हाणी, पुढचे अंगण आणि अंगणातले लिंबाचे झाड, हे सर्व माझी पत्नी सौ. गोपिका हिचे. तिने इथेच राहावे. “एकटी कशाला राहते, मुलाकडे जा” असा सल्ला देणाऱ्याला तिने चहा पाजू नये.

कलम दोन. नागपूरबाहेरचा, बेसा गावचा प्लॉट आमचा एकुलता एक मुलगा चि. मनोहर याला द्यावा. मी तो घेतला तेव्हा सगळे म्हणाले की तिथे कोल्हे राहतात. खरेच राहतात, मी पाहून आलो. पण मनोहर रामदासपेठेतल्या कचेरीत कामाला आहे, तिथे सगळेच एकमेकांना साहेब म्हणतात, त्यामुळे त्याला मोकळ्या हवेची गरज पडेल. तो मित्रांना सांगतो की वडील ‘फिल्म लाईन’मध्ये होते. ते खोटे नाही. फिल्म माझ्या खांद्यावर होती आणि मी एस.टी.च्या लाईनीत.

नवीन माणसाने हे वाचले तर त्याच्यासाठी सांगतो. सिनेमाची रिळे पत्र्याच्या गोल डब्यांत असतात आणि डबे लोखंडी पेटीत. वितरकाचा माणूस ती पेटी घेऊन गावोगावच्या टॉकीजवर जातो, खेळ होईपर्यंत बसतो, कसा झाला याचा अहवाल लिहितो आणि पेटी परत आणतो. तो माणूस मी. एकोणतीस वर्षे. पेटी मी कधी बसच्या टपावर चढवू दिली नाही. तिच्यासाठी मागच्या बाकाखाली जागा धरायचो आणि स्वतः उभा राहायचो.

कलम तीन. माझी टॉर्च आणि बंद पडलेले घड्याळ गोपिकाला जे वाटेल त्याला द्यावे. लांब दांड्याची काळी छत्री मात्र मेहुणे ताराचंद यांना द्यावी, आणि देताना म्हणावे, “भाऊजींनी माफी मागितली नाही, पण छत्री दिली आहे.”

कलम चार. आता तो सिनेमा.

सन १९६२ च्या मार्च महिन्यात मी ‘रिकामा पाट’ नावाच्या मराठी चित्रपटाची पेटी उमरेडला नेली. जो भेटेल त्याला मी गेली बावीस वर्षे हा सिनेमा सांगत आलो आहे. लग्नात सांगितला, दवाखान्याच्या रांगेत सांगितला, एकदा दात काढून घेताना सांगण्याचा प्रयत्न केला. मृत्युपत्रात तो सांगितला तर निदान मध्येच कोणी उठून जाणार नाही.

उमरेडच्या टॉकीजमध्ये मी पाहिला तो असा. एक भला म्हातारा आहे. मुले-सुना त्याला विचारत नाहीत. चार रिळे तो सोसतो. मध्यंतरानंतर एकदम डॉक्टर येतो, नाडी पाहतो, मान हलवतो. म्हातारा उपाशीपोटी मरतो. थोरला मुलगा रडत रडत बापाचा कोट अंगात घालतो, धाकटा छत्री घेतो. तेरवीला सगळे जेवायला बसतात, त्याचा पाट रिकामा असतो, त्यावर फूल पडते, पडद्यावर ‘समाप्त’ येते. बाया डोळे पुसताहेत, माणसे बाकाखाली चपला शोधताहेत. आणि तेवढ्यात दार उघडून म्हातारा आत येतो. हातात तीच छत्री. सुनेला म्हणतो, “उशीर झाला गं मला. माझा कोट कुठे आहे?”

मग मागून एक माणूस ओरडला, “थोरल्यानं घातला ना गा तुहा कोट!” आणि सगळे चपला टाकून परत बसले.

म्हातारा घरभर कोट शोधतो. घरात कोणालाच नवल वाटत नाही. तोच डॉक्टर येतो, पाठीवर थाप मारतो आणि सांगतो, “काका, तुम्ही शंभर वर्षे जगणार.” त्यावर एका कोष्टीणबाईने जागेवर उभे राहून पडद्याला बजावले, “त्याच्यापासून सांभाळजा बाप्पा, त्यानंच तर मारलं तुले!” शेवटच्या रिळात सून पाट मांडते. म्हातारा बसतो, वरणभात कालवतो, ढेकर देतो आणि म्हणतो, “आज पोटभर जेवलो.” मग पडदा पांढरा.

लोक हसून हसून रडत होते. मरणाची, तेरवीची, वाटण्यांची अशी थट्टा मी आयुष्यात पाहिली नव्हती. मेलेला परत आला तरी घरात कोणाला नवल नाही, कारण जिवंत होता तेव्हाही कोणी पाहिले नव्हते, हे मला त्या दुपारी कळले. माझ्या मते असा सिनेमा दुसरा झाला नाही.

खरे म्हणजे तोही झाला नव्हता. त्या दिवशी सातवे आणि आठवे रीळ आधी लागले, पाचवे आणि सहावे नंतर. सरळ क्रमाने ‘रिकामा पाट’ हा सामान्य रडका चित्रपट आहे, आणि कोट धोब्याकडे गेलेला असतो. मी नागपुरात ज्यांना ज्यांना आग्रह करून तो पाहायला पाठवले ते सुजलेले डोळे घेऊन परत आले. गोपिका तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. “असं रडू आणनारं हासत हासत काहून सांगता जी तुमी?” म्हणाली.

ताराचंद यांच्याशी वाकडे झाले ते यातूनच. सासऱ्यांच्या तेरवीला ते पंगतीत वाढायला बाहेर आले ते सासऱ्यांचा कोट घालून. मी हसलो. तोंडात घास असताना, भटजींच्या समोर, मोठ्याने हसलो. त्याला अकरा वर्षे झाली. मला सासऱ्यांबद्दल प्रेम होते हे मी इथे लेखी देतो. आत्ताही तो कोट आठवून हसू येते हेही देतो.

कलम पाच. वितरकाची कचेरी बंद झाली तेव्हा ‘रिकामा पाट’ची प्रत भंगारात जाणार होती. ती मी मागून घेतली. आठ डबे माझ्या पलंगाखाली आहेत. त्यांना आंबूस वास येतो आणि दर उन्हाळ्यात गोपिकाला वाटते की लोणचे नासले. झाकणांवर मी पक्क्या रंगाने उमरेडच्या क्रमाचे आकडे घातले आहेत. ही पेटी माझा मित्र देवराव चंद्रभान धकाते, राहणार उमरेड, याला द्यावी. माझ्या तेरवीच्या दिवशी अंगणात पडदा बांधून त्याच्याच हाताने हा सिनेमा दाखवावा. मशीन भाड्याने आणावी. ताराचंद यांना पुढच्या खुर्चीवर बसवावे.

कलम सहा. हे कलम लिहिण्यासाठीच वरची पाच लिहिली.

देवराव उमरेडच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. मशीनवर त्याचा हात असा होता की एक रीळ संपून दुसरे कधी लागले ते कळायचे नाही. त्या दुपारी मालकाने बड्या पाहुण्यांना बायकामुलांसह बोलावले होते. आपली चेष्टा झाली असे त्यांना वाटले. मालकाने माझ्याकडून अहवाल मागितला. मी लिहिले, “ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे रिळांचा क्रम चुकला.” एवढी एक ओळ. देवरावला संध्याकाळच्या खेळाआधी काढून टाकले, आणि ती ओळ सगळ्या टॉकीजवाल्यांकडे फिरली. त्याला पुन्हा कोणी मशीनला हात लावू दिला नाही. कोळशाच्या खाणीत, दिवे वाटायच्या खिडकीवर त्याने वीस वर्षे काढली.

क्रम देवरावने चुकवला नव्हता. त्या सकाळी एस.टी.त माझ्यासोबत गोपिका होती, खेळानंतर तिला पुढे माहेरी पोचवायचे होते, आणि तीन वर्षांचा मनोहर भुकेने रडत होता. माझ्या आईने दिलेला चिवडा होता, ताटली नव्हती. मी पेटी उघडली, चार डब्यांची झाकणे काढली आणि सगळ्या मागच्या बाकाला त्यात चिवडा दिला. कंडक्टरनेही खाल्ला. झाकणे पुसून मी परत लावली. पाच-सहाची सात-आठला लागली आणि सात-आठची पाच-सहाला. देवरावने झाकणावरचा आकडा पाहून रीळ चढवले, कारण पेटी मी आणली होती आणि माझ्या पेटीवर त्याचा विश्वास होता.

मला हे पडद्यावर म्हातारा परत आला तेव्हाच कळले होते. मी बावीस वर्षे हा सिनेमा जगाला सांगितला, खुद्द देवरावच्या देखत चहा पिताना सांगितला, आणि दरवेळी त्यात “ऑपरेटरची चूक झाली” असे म्हणालो. तो प्रत्येक वेळी ऐकून हसला. ती ओळ मी खोटी लिहिली. मी भित्रा निघालो. माझ्यामागे हे कलम देवरावला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम सात. हे कलम नंतर घातले आहे.

कलम सहा लिहून झाल्यावर कुसुमताईंनी टाक खाली ठेवला. म्हणाल्या, “मेल्यावर माफी मागणार? म्हणजे तोंड पाहायला नको, होय ना? मी यावर साक्षीदार म्हणून सही करणार नाही. आधी त्यांना बोलवा.” मी म्हणालो की मृत्युपत्राची रीतच तशी असते. त्या म्हणाल्या, “रीत मला शिकवू नका, पत्र टाका.”

पत्र टाकले. आज सकाळच्या एस.टी.ने देवराव आला. गोपिकाने पोहे दिले. मी कलम सहा स्वतः वाचले. वाचून झाल्यावर देवराव ताटलीतले शेवटचे दाणे वेचत बसला. मग म्हणाला,

“सातव्याच्या झाकनात शेंगदाने होते गा.”

“म्हणजे तुले माहीत होतं?”

“पाचवं समजून सातवं घाईत चढवलं. आठवं चढवताना फिल्मवरचा आकडा दिसला. मंग समजलं.”

“मंग मालकाले सांगतलं काहून नाही?”

“सांगून काय होतं? तुही बायको भाहेर लेकराले घेऊन उभी होती.”

मी विचारले की ‘समाप्त’ आल्यावर लोकांना घरी का नाही पाठवले. कोणाला काही कळलेही नसते आणि त्याची नोकरी राहिली असती.

देवराव म्हणाला, “तो म्हातारा उपाशी मेला होता ना गा. सहाव्या रिळात तो जेवते. ते दोन रिळं तसेच डब्यात पडून. म्हटलं, आलाच आहे तर जेवून जाऊ दे त्याले.”

म्हणजे त्या सिनेमाचा क्रम माझ्या झाकणांनी सुरू केला, पण पुरा केला तो देवरावने, समजून उमजून, नोकरीच्या बदल्यात. मी बावीस वर्षे ज्याला चूक म्हणत आलो ती त्याची करणी होती. मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो. गुडघ्यांमुळे अर्ध्यातच अडकलो आणि देवराव आणि कुसुमताईंनी मिळून मला उठवले. गोपिका पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती ते मला समजले नाही.

मग कलम पाचवर आलो. देवराव म्हणाला, “तुया तेरवीले मी रिळं लावू आन् पाहाले तूच नसशील? जमत नाही.” म्हणून ठरले ते असे. माझी तेरवी येत्या रविवारी आहे. आधी जेवण, मग सिनेमा, मरण सवडीने. ताराचंद यांना बोलावणे आजच पाठवतो, कोट घालून यावे असे लिहून.

आमचे वकील सांगतात की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, पुढे कोणी शंका घेते. हे मी देवरावला सांगितले. त्याने साक्षीदाराच्या सहीची जागा बोटाने चाचपली आणि कुसुमताईंना विचारले की नावाखाली ही कोरी जागा कशाची. त्या म्हणाल्या, तिथे धंदा लिहायचा. देवरावने टाक हातात घेतला. मग म्हणाला, “पेटी राहू दे मंग. मी सही करतो.”

त्यामुळे कलम पाच दुरुस्त करून पेटी चि. मनोहर यास द्यावी. त्याने झाकणांवर चिवडा खाऊ नये. कलम सहा तसेच राहील. अहवालातली माझी ती ओळ रद्द.

हे सर्व मी वाचून, ऐकून आणि एकदा हसून माझी सही करत आहे. खालील दोघांनी ती आपल्या डोळ्यांनी पाहिली, आणि त्यांनी माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या.

ठिकाण : जुनी शुक्रवारी, नागपूर
दिनांक : १२ फेब्रुवारी १९८४, रविवार, दुपारी

(सही) रुपराव दादाजी कळंबे

साक्षीदार :

१. (सही) कुसुम भोयर
राहणार जुनी शुक्रवारी, नागपूर
धंदा : निवृत्त मुख्याध्यापिका

२. (सही) देवराव चंद्रभान धकाते
राहणार उमरेड
धंदा : ऑपरेटर