आईचे सरळ दात

३ मार्च, सोमवार

बाबांनी आज आईला ओळखलं नाही. आणि चूक माझी आहे!

इतकी वर्षं लोकांच्या कवळ्या करते, मग आईची दुसऱ्या कुणाला कशी करू देईन? मेणात दात बसवताना हौस आली. सगळे सरळ, एका ओळीत लावले. आईचा पुढचा एक दात बाहेर आलेला असायचा. त्याच्यापायी बाई जन्मभर तोंडावर हात ठेवून हसली. दात काढल्यापासून तर रुमाल धरूनच वावरत होती. म्हटलं, आता तरी मोकळी हसू दे.

आज कवळी लावली, आरशात बघून लाजलीसुद्धा! बाबांसमोर गेली आणि हसली. ते खुर्चीतून अर्धवट उठले. "या, बसा. आमची मंडळी बाहेर गेलीय, येईलच एवढ्यात."

बाबांचं विसरणं नवं नाही. मला ते अधूनमधून त्यांची बहीण समजतात. पण आईला विसरले नव्हते. एकदाही नाही.

४ मार्च

कवळी काढून बघितली — बाबा म्हणाले, "या आजींना आधी काहीतरी खायला द्या." रुमाल धरून बघितला — "सर्दी झाली का तुम्हाला?"

हसू आलं. मग आपलीच लाज वाटली.

६ मार्च, गुरुवार

आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात दात कोरायचं मशीन आलंय. पांढरी वडी आत ठेवायची, बटण दाबायचं, अख्खी बत्तीशी तयार! मालक नव्या नवरदेवासारखे मिरवत होते. मला म्हणाले, "तुम्ही शिकून घ्या हो, नाहीतर मागे पडाल." घाबरले, खोटं कशाला बोलू? या वयात मला दुसरीकडे कोण घेणार?

पण लिहायलाच हवं — बघत बसावंसं वाटतं! ती बारीक सुई गोल गोल फिरते आणि वडीतून दाढ वर येते. मी डबा खायचं विसरले. मशीन चालवणाऱ्याला विचारलं, "यात वाकडा दात निघतो का?"

"निघेल की. पण वाकडा हवाय कुणाला?"

मला! मला हवाय!

९ मार्च, रविवार

अडचण अशी की तो दात नेमका कसा होता, तेच आठवेना. चाळीस वर्षं समोर होता आणि आठवेना! फोटोंत सगळीकडे हात. धाकटी बहीण म्हणते उजवा, मी म्हणते डावा. आईला विचारलं तर, "मी कशाला त्याच्याकडे बघतेय? शत्रू होता माझा."

बाबांच्या खोलीत गेले. आई तिथेच होती, पाहुणी म्हणून. बाबा तिला विचारत होते, तुम्हाला फिरायला आवडतं का, डोंगर आवडतात की पाणी? बिचारी निमूट उत्तरं देत होती. मला बघवेना. आई स्वयंपाकघरात गेल्यावर सहज विचारलं, "बाबा, तुमच्या बायकोचे दात कसे आहेत हो?"

चेहरा उजळला! "पुढचा डावा जरा रुसून बाहेर आलाय. हसताना हात लावते त्याला. वेडी! तोच तर छान दिसतो."

"तिला सांगितलंत कधी?"

"हे काय सांगायचं असतं?"

दात लख्ख आठवतो आणि त्या दाताची मालकीण शेजारी बसलेली कळत नाही! कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय, कोण जाणे. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

१३ मार्च

आईच्या नव्या कवळीचे मेणात बसवलेले दात घरी आणले. बाबांच्या हातात दिले. म्हणाले, "अजून जरा बाहेर." मी तो डावा दात पुढे ओढला. "एवढा नाही, भांडखोर दिसेल!" आत घेतला. "थोडा वळव... हां. हसली बघ."

माझी नजर मुरलेली, तरी मला एकटीला हे जमलं नसतं. मशीनलाही नाही! (त्याला बाबांसमोर बसवलं तर? जमेलही. उद्या मालकांना विचारून शिकायला घेतेच. भीती वाटते, पण कुतूहल जास्त आहे.)

१५ मार्च, शनिवार

नवी कवळी लावली. आई दारात उभी राहिली आणि हसली. बाबांनी वर पाहिलं.

"कुठे होतीस गं इतका वेळ? माझा चष्मा कुठे ठेवलास?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. किती बरं वाटलं! बाहेर आले तर आई चष्मा शोधत होती आणि बाबा तिच्यावर खेकसत होते. अगदी पहिल्यासारखं!

१७ मार्च, सोमवार

सकाळी आईने मला बाजूला घेतलं. "ते सरळ दात कुठे ठेवलेस?"

"आता कशाला? ओळखतात ना तुला?"

"ओळखतात गं. पण त्या बाईला ते विचारतात, तुम्हाला काय आवडतं. मला नव्हतं कधी विचारलं." मग खाली बघत म्हणाली, "आजच्या दिवस दे. उद्या होते की पुन्हा बायको!"